भोपळ्यावर भोपळा

चाचांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझ्या छातीवर टिचकी मारली. ओळख नाही, नमस्कार नाही. मी मिरजेला त्यांच्या दारात उभा, आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांचा निरोप घेऊन आलेला. आणि समोरचा लुंगीतला उंच, काटकुळा माणूस माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी कान नेऊन वाकलेला. टिचकीचा आवाज त्यांनी नीट ऐकून घेतला, मान डोलावली आणि आत तोंड करून ओरडले, "च्या टाक गं, पावना भरीव हाय!"

मी बँकेत नोकरी करतो, आणि तेव्हा सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. इतक्या वर्षांत एकाही साहेबानं किंवा खातेदारानं मला भरीव म्हटलेलं नाही. त्या एका टिचकीवर मी चाचांचा झालो.

चाचांचं घर तंबोरे करणाऱ्यांचं. ज्या वयात आपण पाटीवर रेघोट्या मारतो, त्या वयात त्यांना अंगणात वाळत ठेवलेल्या भोपळ्यांमध्ये सोडून दिलेलं. भोपळा आतून नीट वाळलाय का, त्याचं कवच कुठं जाड आहे, कुठं पातळ, हे टिचकीच्या आवाजावरून ओळखायचं. हे शिक्षण त्यांच्या बोटांत असं मुरलं की पुढं जी वस्तू समोर येईल ती ते वाजवूनच बघायचे. कलिंगड, टेम्पोचं बॉनेट, हॉटेलातला पाण्याचा जग, एकदा तर एका सरपंचांचा फ्रीज. मुलीसाठी स्थळ बघायला कोरेगावला गेले, तेव्हा पोहे बशीत तसेच ठेवून हे उठले आणि भिंतीवर टिचक्या मारत घरभर फिरले. मुलाच्या वडिलांना वाटलं, हे घर विकत घ्यायलाच आलेत. परत येताना एसटीत चाचांनी निकाल जाहीर केला, "भिती पोकळ हायत, मानसं भरीव हायत. दिली पोरगी." पोरगी आज तिथं सुखात आहे. एक भिंत मात्र पुढं खरोखरच पाडून बांधावी लागली.

अशा घरातला माणूस बेस गिटार वाजवायला कसा लागला, ही गोष्ट ते दर वेळी नव्यानं सांगायचे आणि दर वेळी ती थोडी लांबलेली असायची. तिच्यातला न बदलणारा भाग एवढाच, की तरुणपणी त्यांनी कुठल्याशा गणपतीपुढं ऑर्केस्ट्रा ऐकला. सगळं गाव गाणाऱ्या बाईकडं बघत होतं आणि हे कोपऱ्यात उभ्या असलेल्या चार तारांच्या गिटारवाल्याकडं. घरी येऊन वडिलांना म्हणाले, "अब्बा, आपल्या तंबोऱ्याचा थोरला भाऊ घावला!" वडील म्हणाले, पुन्हा त्या थोरल्या भावाचं नाव काढलंस तर हात मोडीन. मग पहिली गिटार यांनी चोरून केली. लाकूड घरचं, पटाशी घरची. हाताला सवयच होती, म्हणून तिच्यावर तंबोऱ्यासारखी पांढरी वेलबुट्टीसुद्धा जडवली. आमच्यात आले तेव्हा तीच गळ्यात होती. गावोगावच्या जत्रांत म्हातारी माणसं तिला वीणाच समजून जवळ यायची आणि काळजीनं विचारायची, "पावनं, ही ईना आडवी का धरलीया?"

"उभी धरली की झोप येतीया तिला," चाचा शांतपणे सांगायचे.

त्यांचं एक म्हणणं मी आजही बँकेतल्या लोकांना ऐकवतो. "गानं डोक्यात जातं, बेस पायात जातो. आन मानूस जत्रंतनं घरी जातो तो पायानं जातो." बँकेतले लोक मान हलवतात आणि कामाला लागतात. त्यांच्या पायात काही जात नाही.

आता पेटीकडं येतो. बेस गिटारला स्वतःचा गळा नसतो. तिचा आवाज वाढवायला अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि बाहेर फेकायला स्पीकरची भली मोठी पेटी. चाचांनी पेटीही घरीच केली होती, कपाटाएवढी, चारी कोपऱ्यांना पितळी पत्रे ठोकून. ती टेम्पोत चढवायला ड्रमवाला, ढोलकीवाला, ड्रायव्हर आणि आमचे मालक लागायचे. चाचा स्वतः हात लावायचे नाहीत. "म्या उचलली तर बोटं दुखतील. बोटं दुखली तर तुमी उचलून उपेग काय?" उचलताना हे अगदी बिनतोड वाटायचं. राग यायचा तो खाली ठेवल्यावर.

आमचे मालक म्हणजे अण्णा, रहिमतपूरचे. दुकान खतांचं, जीव गाण्यात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मोठा टेम्पो विकला आणि छोटा हत्ती घेतला. नव्या गाडीला हार घातला, लिंबू ठेवलं, सगळं सामान चढवलं आणि शेवटी पेटी आणली. अण्णांनी पेटीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि हार काढून खिशात कोंबला. पेटी बसवायची तर आम्ही मागून चालत जायचं, असा प्रकार होता.

म्हणून त्या दिवशी माण तालुक्यातल्या एका जत्रेत चाचा पहिल्यांदा पेटीशिवाय वाजवायला उभे राहिले. गिटारची वायर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये घातली. पहिलं गाणं सुरू झालं आणि स्टेजवर आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. रिकाम्या डब्यात कुणीतरी खिळे हलवत होतं. सूर तेच, बोटं तीच, पण आवाजाला अंग नाही. पुढं काठीवर हनुवटी टेकून बसलेला एक मेंढपाळ म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "आज ईनेला ताप हाय व्हय रं?" हे चाचांनी ऐकलं. जेवायला बसले नाहीत.

परतीच्या वाटेवर चहाच्या हॉटेलात अण्णांनी विषय काढलाच.

"चाचा, पेटी काय आता येत न्हाई. आन असं सुक्कं वाजिवण्यापरास हे आपलं बँकवालं डाव्या हातानं कीबोर्डवर बेस वाजवत्याल. कोरेगावकडच्या जत्रंत दोनी ऐकू. तुमचं जमलं तर जमलं. न्हाई तर तितंच स्टेजवर शाल, नारळ. मानानं निरोप."

"शाल घेतली?" चाचांनी विचारलं.

"व्हय. घेऊनच ठेवलीया."

"रंग कंचा?"

"मरून."

"मला मरून शोभत न्हाई," चाचा म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

पण रिकाम्या कपाला टिचकी न मारताच ते उठले. ज्या माणसानं वडिलांची धमकी झुगारून हे वाद्य धरलं, त्याला ते एका शालीत गुंडाळून परत द्यायचं होतं. आणि ते कुणामुळं, तर माझ्या डाव्या हातामुळं! मालकांचा हुकूम मोडणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळं मी लगेच रियाजाला लागलो. बँकेत उजव्या हातानं शिक्का मारायचा आणि डाव्यानं टेबलावर बेस वाजवायचा. घरी बायको म्हणाली, "त्या हातानं आता भाजी तरी धुवा." चाचांना हे सगळं ठाऊक होतं. ते फोन करून विचारायचे, "काय रं बँकवाल्या, माझा वैरी बरा हाय का? तेल लावतोस न्हवं त्याला?"

याच फोनवर एकदा मी त्यांना पेडलबद्दल सांगितलं. प्रीअ‍ॅम्प पेडल म्हणून एक लोखंडी डबी मिळते, पायाशी ठेवायची. तिच्यात अ‍ॅम्प्लिफायरची नक्कल असते आणि पेटीचीही. गिटारची वायर डबीत जाते, डबीतली वायर मिक्सरला. आणि ऐकणाऱ्याला वाटतं की मागं कपाटाएवढी पेटी उभी आहे.

चाचांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग चाचा म्हणाले, "म्हंजी डबीत घोडी बी हाय आन भोपळा बी हाय." तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी, सुराला धार तिथं येते. आणि भोपळा त्या सुराला पोट देतो. अ‍ॅम्प आणि पेटी यांचं याहून चांगलं वर्णन मी आजतागायत वाचलेलं नाही, आणि डब्यांवरची माहितीपत्रकं मी पुष्कळ वाचली आहेत.

सांगलीत एक वाद्यांचं दुकान होतं. रविवारी मी साताऱ्याहून तिथं पोचलो, तर दारात भाजीचा टेम्पो उभा आणि त्यात कोथिंबिरीच्या काड्या चिकटलेली पेटी!

"चाचा, ही कशाला आणली? हिच्यातनं सुटायलाच तर डबी घ्यायचीय!"

"सून आनायची तर सासूला दाखवायला नगं?"

मिशीवाले दुकानदार शांत स्वभावाचे होते. त्यांनी पेटी आत घेऊ दिली. पेटी आत आली आणि इतर गिऱ्हाइकं बाहेर गेली, कारण दोघांना एकदम जागा नव्हती. मग एकेक डबी पेटीला जोडून परीक्षा सुरू झाली. पहिली लाल. चाचांनी तारेवर अंगठा टेकवला आणि भिंतीवर टांगलेल्या सगळ्या गिटारी थरथरल्या. "सायलेन्सर काढल्याली मोटारसायकल हाय ही. वरातीला बरी. भोपळा हाय का हिच्यात?" नव्हता. लाल डबी नापास. दुसरीला काचेचा छोटा पडदा. त्यात म्हणे शंभर अ‍ॅम्प आणि शंभर पेट्या. "एवढी मानसं? मला एकच पायजे, कामाचा." शिवाय पडद्यावरची अक्षरं वाचायला चष्मा लागला असता, आणि चष्मा लावून स्टेजवर उभं राहणं म्हणजे ऑडिटला आल्यासारखं दिसतं, असं ते माझ्याकडं बघत म्हणाले.

तिसरी काळी. बसकी, हातात घेतल्यावर जड, वर पाच-सहा बटणं आणि एका कडेला आतली नकली पेटी चालू-बंद करायची कळ. चाचांनी तिला टिचकी मारली. "भरीव," ते हळूच म्हणाले. ही पास व्हायला हवी होती. त्यांनी तार छेडली. आवाज आला तो गोधडीच्या आतून कुणीतरी भांडत असल्यासारखा. धार नाही, टोक नाही, नुसता घुमारा.

दुकानदार म्हणाले, "चाचा, तुमची खरी पेटी जोडलेली आहे ना, मग डबीतली पेटी बंद करा. ही कळ खाली."

"भोपळा काढून तंबोरा वाजिवत्यात व्हय तुमच्यात?"

"अहो, पण दोन-दोन पेट्या होतायत."

"होऊ द्या की! रुद्रवीणेला दोन भोपळं असत्यात. ती काय नापास झाली?"

दुकानदारांनी मिशीवरून हात फिरवला. मी कळीकडं हात नेला तर चाचांनी तो हात उचलून माझ्या खिशात ठेवला. भोपळा बंद करणं ही गोष्ट त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केली नव्हती. "सर्दी झालीया हिला," त्यांनी जाहीर केलं. "तिनी नापास. उचला पेटी." त्या दिवशी पेटीचा एक कोपरा माझ्या वाट्याला आला. पाठ आठवडाभर आठवण काढत होती.

मिरजेला घरी चाची दारातच उभ्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून चाची तंबोऱ्यांना तारा चढवत आल्या होत्या. आपापसात त्यांची दखनी उर्दू चालायची, मी असलो की मराठी. चाचांनी सगळी हकीगत सांगितली, दुकानदाराची नक्कल करून, रुद्रवीणेचा टोला दोनदा सांगून. चाची तांदूळ निवडत ऐकत होत्या.

"आवं, त्या काळ्या डबीत भोपळा हाय का न्हाई?"

"हाय."

"आन आपली पेटी म्हंजी काय?"

"भोपळाच की."

"मंग भोपळ्याचा आवाज तुमी भोपळ्यात कोंबला. त्यातनं काय तार ऐकू येनार?"

"पन रुद्रवीणेला..."

"तितं दोन भोपळं शेजारी-शेजारी असत्यात. एकात एक घालून न्हाई ठेवत कुनी. आज जेवताना दाताखाली खडं येनार, तांदळात लक्ष न्हाई माझं तुमच्यामुळं."

चाचांनी पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, छताकडं बघितलं. मला वाटलं आता चिडणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू पसरलं की मीही हसायला लागलो. "चूक झाली गड्या," ते म्हणाले. "पन बघ, चूक केली ती बी केवढ्या मोठ्या पेटीतनं!"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आम्ही पुन्हा सांगलीला गेलो, या वेळी हात हलवत. दुकानदारांनी काळी डबी थेट मिक्सरला जोडली, डबीतला भोपळा चालू ठेवला आणि मिक्सरचा आवाज दुकानाच्या स्पीकरवर सोडला. चाचा जमिनीवर मांडी घालून बसले. बटणांना ते खुंट्याच म्हणत होते. एक खुंटी उतरवली, दुसरी चढवली. मग आवाजाला किंचित खरखर देणारं बटण त्यांनी धरलं. तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात ना, तो अचूक जागी आला की तार अचानक फुलते. त्याला जवारी म्हणतात. चाचा बटण तसंच फिरवत होते, दोरा सरकवल्यासारखं, श्वास रोखून. आणि एका जागी ती तार फुलली. दुकानदारांनी हातातली पावती खाली ठेवली. चाचा डोळे मिटून म्हणाले, "आता कुनी हिला हात लावू नगा." डबी तंबोऱ्याच्या फ्लॅनेलच्या गवसणीतून घरी आली.

पेटीत नंतर चाचींच्या कोंबड्या राहायला आल्या. स्पीकर काढून टाकले, पितळी पत्रे मात्र तसेच आहेत. पुढं माझी बदली झाली, ऑर्केस्ट्रा सुटला. पण मी मिरजेला गेलो की त्या पेटीतल्या अंड्याचं आम्लेट खाल्ल्याशिवाय मला कुणी उठू देत नाही.

तर कोरेगावकडची ती जत्रा. दिवेलागण झालेली. एका बाजूला पाळणे, एका बाजूला बांगड्यांची आणि शेवचिवड्याची दुकानं, मधे माणसं, आणि स्टेजपुढच्या खुर्च्यांवर गावातले निवृत्त फौजी, पाठी ताठ. चाचा आले ते दाढीला मेंदी लावून. गवसणी सोडली, डबी पायाशी ठेवली, वायरी जोडल्या. मिक्सरवाल्यानं हाक दिली, "चाचा, द्या आवाज."

चाचांनी एकच सूर दिला. तो मला कानानं ऐकू आला नाही. मी बसलो होतो त्या खुर्चीतून वर आला. मिक्सरवाल्यानं बटणावर नेलेला हात मागं घेतला. त्याला करायला काही उरलं नव्हतं. अण्णा स्टेजच्या कडेला पिशवी घेऊन उभे होते. पिशवीतून मरून रंग डोकावत होता.

"झ्याक हाय," अण्णा म्हणाले, "पन शब्द म्हंजी शब्द. तिसऱ्या गान्याला चाचा मधीच थांबत्याल, बँकवालं वाजवत्याल. लोकं काय करत्यात बघू."

तिसरं गाणं नाचाचं होतं. पुढं पोरं घामाघूम. अण्णांनी बोट वर केलं. चाचांनी तारांवर तळवा ठेवला, आणि माझा डावा हात सुरू झाला. मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही: एकही सूर चुकला नाही. आठवड्यांचा रियाज होता तो! पण पोरांचे पाय जड व्हायला लागले. एक जण थांबून चप्पल बघायला लागला. फौजींच्या खुर्च्यांत खोकले सुरू झाले. आणि मागून, बांगड्यांच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या एका बाईचा खणखणीत आवाज आला, "आवं, लाईट गेली काय वं?"

सगळे बल्ब लागलेले होते. पाळणा फिरत होता. तरीही अख्ख्या जत्रेनं मान वर करून बल्बांकडं बघितलं. अण्णांनीसुद्धा बघितलं! मग त्यांनी सावकाश मान खाली आणली आणि माझ्याकडं बघितलं. मी वाजवतच होतो, बिचारा. अण्णा चाचांकडं वळून दोन्ही हातांनी खुणा करायला लागले, "घ्या, घ्या, घ्या!"

चाचांना कसली घाई नव्हती. त्यांनी ओळ पूर्ण होऊ दिली, ठेका फिरून जागेवर येऊ दिला आणि मग अंगठा टेकवला.

"आली, आली!" मागून तीच बाई ओरडली.

शिट्ट्या सुटल्या. पोरं पुन्हा उड्या मारायला लागली. अण्णांनी गाणाऱ्या बाईच्या हातातला माईक घेतला आणि गाणं चालू असतानाच चाचांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि गाव मिरज. इतक्या वर्षांत आमच्या स्टेजवरून बेसवाल्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. माझं डाव्या हाताचं दुकान बंद झालं होतं, पण उजवा हात मोकळा असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पुढच्या रांगेतले फौजी उभे राहिले. वडिलांच्या नावावर, एवढ्या माणसांत, एवढ्या टाळ्या पडत होत्या, आणि चाचा खाली मान घालून वाजवत होते. वर बघितलंसुद्धा नाही.

कार्यक्रम संपल्यावर अण्णांनी ती मरून शाल काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली. "डाव्या हाताला गुंडाळा. लय दमला आसंल."

मग वायरी गुंडाळता गुंडाळता मी चाचांना म्हटलं, "एवढं नाव घेतलं, सगळी जत्रा टाळ्या वाजवत होती. एकदा तरी हात जोडायचे होते."

चाचा डबी पुसत होते. "हात सोडलं आसतं," ते म्हणाले, "तर लाईट परत गेली आसती की रं."